त्या पऱ्हाटीवर औषध नव्हतं

त्या दिवशी त्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकावर, कुठलंही औषध फवारलेलं नव्हतं. त्या दिवशी नाही आणि त्या आठवड्यातही नाही. हे वाक्य मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, साहेबापाशी नाही, आणि ज्याच्या शेजारी जीपमध्ये बसून उमेदीची सगळी वर्षं काढली त्या सलीमभाईपाशी तर नाहीच. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "मुलांकडून मोठ्यांनी काय शिकावं यावर तुमच्या व्यवसायातले गमतीदार अनुभव लिहा." गमतीदार अनुभव आहे माझ्याकडे. इतकी वर्षं तो मी घशाखाली धरून ठेवला, एवढंच.

व्यवसाय म्हणजे काय, तर कापसाचं बी विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रचारगाडीवर मी बोलायचो. कॉलेजात नाटकं केली होती, आवाज भारदस्त होता, रेडिओवाल्यांनी घेतलं नाही, कंपनीनं घेतलं. जीपच्या टपावर दोन कर्णे, मागे टोप्या आणि पत्रकं, समोर सलीमभाई. सलीमभाई अकोल्याचा, घराणं शिंप्यांचं. हा एकटाच मशीन सोडून स्टिअरिंगवर बसला म्हणून त्याचे अब्बा शेवटपर्यंत त्याला "आवारा" म्हणत. अकोला आणि अमरावती जिल्ह्यातलं असं गाव नसेल, जिथल्या कुत्र्यांना माझा आवाज पाठ नव्हता.

बाहेरच्या वाचकांसाठी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सकाळी गावात गाडी नेली तर कोणी बाहेर येत नाही. बाया कामात, माणसं वावरात किंवा पारावर, आणि पारावरचा माणूस उठला तर त्याची जागा जाते, म्हणून तो उठत नाही. मग गाव उघडायचं कसं? पोट्ट्यांनी. गाडी हळू करायची, गाणं लावायचं, आणि टोप्या फेकायच्या. फेकताना नेहमी पोरांपेक्षा कमी फेकायच्या. म्हणजे भांडण होतं, एक जण रडतो, रडणाऱ्याची आई बाहेर येते, मारणाऱ्याची आई तिच्याशी भांडायला येते, दोघींचे नवरे काय झालं म्हणून येतात, आणि तेवढ्यात मी माईक हातात घेतो, "नमस्कार शेतकरी बंधूंनो." आमच्या साहेबांनी याला एक इंग्रजी नाव दिलं होतं. सलीमभाई त्याला "पोट्टे लढाना" म्हणायचा.

ती वर्षं वाईट होती. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत आमच्याच फिरतीतलं एखादं गाव असायचं, आणि त्याच आठवड्यात त्या गावाच्या शेजारून आम्ही गाणं वाजवत जायचो. गावात शिरण्याआधी सलीमभाई चौकशी करायचा. दुखवट्याचं घर रस्त्यावर असलं तर आवाज बंद करून पुढे जायचा आणि शंभर पावलांवर पुन्हा चालू करायचा. या शंभर पावलांच्या शांततेला आम्ही दोघंही माणुसकी समजत होतो.

मुलं निरागस असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रचारगाडीमागे कधी मुलं बघितलेली नाहीत. पोट्टं म्हणजे भरती न झालेला पोलीस. त्याला तुमच्या पदाशी, आवाजाशी, इस्त्रीच्या शर्टाशी काही घेणं नसतं. धारणीकडे एकदा गेलो होतो. तिकडे कंपनीला फारसा धंदा नव्हता, पण साहेबांना चिखलदऱ्याला मुक्काम करायचा होता, म्हणून दौरा. एका ढाण्यात, म्हणजे कोरकूंच्या वस्तीत, माझं भाषण झालं. मोठी माणसं शांतपणे ऐकून निघून गेली. चार पोरं उरली. त्यातल्या सर्वांत लहानानं विचारलं,

"आप खेती करते?"

"नहीं बेटा."

"तो आपको किसने बताया, कपास अच्छा होता?"

"साहब ने."

"साहब खेती करते?"

"नहीं. साहब को बड़े साहब ने बताया."

"बड़े साहब?"

पोरगा इतरांकडे वळला आणि निकाल दिल्यासारखा म्हणाला, "किसी ने नहीं की." चौघंही हसत नाल्याकडे पळाली. सलीमभाई परतवाड्यापर्यंत हसत होता. मध्येच घाटात गाडी थांबवून उतरला, पोट धरून हसला आणि पुन्हा चढला. "मिश्राजी," म्हणाला (मी मिश्रा नाही, पण चांगला बोलणारा माणूस त्याच्या लेखी मिश्राजी), "चार सवाल में तेरी पूरी कंपनी नंगी कर दी रे उसने."

मी पण हसलो. तेव्हा ते माझ्यावर नव्हतं, बड्या साहेबावर होतं, म्हणून हसू आलं.

आता त्या दिवसाकडे येतो.

चांदूर रेल्वेच्या पलीकडे रस्त्याला लागून एका गावात कंपनीनं एक वावर घेतलं होतं. मालक गावातलाच, पण खर्च सगळा आमचा. असं वावर प्रत्येक कंपनी करते. ठिबक लावायचं, खत ओतायचं, पाटी लावायची, आणि पीक भरात आलं की आजूबाजूच्या गावांना पीक पाहायला बोलवायचं. वर मंडप, बाहेर चहा, आत पऱ्हाटी. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही, असं साहेब सांगायचे.

त्या वर्षी त्या वावराची देखरेख माझ्याकडे होती. मी शेतकऱ्याचा पोरगा नाही, शिक्षकाचा आहे. पाणी आणि खत जितकं जास्त तितकं चांगलं, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. परिणाम असा झाला की पऱ्हाटी माजली. माझ्या खांद्यापर्यंत गेली, पानं पळसासारखी, आणि बोंडं शोधून सापडेनात. पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, येत होती आणि गळत होती. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, नागपूरहून साहेब येणार, मंडपवाल्याचे बांबू येऊन पडलेले.

पुढे जे केलं ते या धंद्यात मी एकट्यानंच केलं असं नाही, पण ते मला शोभत नाही हे तेव्हाही माहीत होतं. उजाडता उजाडता मी आणि सलीमभाईनं मैलभर लांबच्या एका वावरातून पोतंभर बोंडं तोडून आणली. गंमत म्हणजे ते वावर आमच्या शत्रू कंपनीच्या बियाण्याचं होतं. हिरवा दोरा आणला होता. पहिल्या तीन ओळींतल्या झाडांना आम्ही बोंडं बांधली. सलीमभाईच्या हातात पिढ्यांचं शिवणकाम. त्यानं बांधलेलं बोंड पाहून झाडालासुद्धा आपलंच वाटलं असतं. माझ्या गाठी मात्र चपलेच्या तुटलेल्या पट्ट्याला मारतात तशा. "मिश्राजी, तू मत बाँध," तो दोनदा म्हणाला. मी घाईत होतो, मी बांधलं.

भीती नव्हती, कारण आमच्याकडे एक रीत आहे. दुसऱ्याच्या उभ्या पिकाला पाहुणा हात लावत नाही. वावरात जाईल, डोकावून पाहील, मान हलवेल, पण हात मागे बांधलेले. हात लावणं म्हणजे मालकाच्या शब्दावर शंका घेणं. माझी सगळी योजना या सभ्यतेवर उभी होती.

माणसं आली. ट्रॅक्टरवर आली, एस.टी.नं आली. साहेब आले, हार झाले. मी माईक घेतला. लोक तीन ओळींच्या बाजूनं हात मागे बांधून फिरत होते, "बापरे," "काय बोंडं हाय गा," "इतकी तं आपल्याकडं कधीच नाई लागली." माणसांना झाड वरून दिसतं. वरून पानं होती, पानांमध्ये बोंडं होती. सगळं झकास.

चौथीतली एक पोट्टी आज्याबरोबर आणि आईबरोबर आली होती. आशू नाव. आज्याला सगळे आबाजी म्हणत, गावात मान होता. पोट्टीला झाड खालून दिसत होतं. ती पहिल्या ओळीपाशी उकिडवी बसली आणि तिथूनच, मंडपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आबा, या झाडाले बोंडं बांधून काहून ठेवले?"

सगळे वळले. साहेबांच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. माईक माझ्या हातात होता. विचार करायला वेळ नव्हता आणि माझ्या तोंडाला वेळ लागतही नव्हता.

"बेटा," मी म्हणालो, "एवढं वजनदार बोंड आहे आपलं, की बांधून नाही ठेवलं तर फांदी मोडते!"

मंडप फुटला. हशा, टाळ्या. साहेबांनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. हे वाक्य पुढच्या हंगामात कंपनीच्या कॅसेटवर गेलं, भिंतींवर रंगवलं गेलं, आणि त्यासाठी मला बढती मिळाली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी वाक्य चौथीतल्या पोरीच्या प्रश्नावर उभं आहे.

मोठं माणूस इथं थांबतं. चारशे माणसं हसली की मोठ्या माणसाला वाटतं, आपलंच काही चुकलं. आशू हसली नाही. लाजलीही नाही. तिनं हशा संपायची वाट पाहिली, पावसात छपराखाली उभं राहतात तशी, आणि तो संपल्यावर म्हणाली,

"मंग याचा देठ फांदीतून काहून नाई निंगाला? ओढून पाहू?"

आणि ओढलं. माझी गाठ होती. बोंड दोऱ्यासकट तिच्या मुठीत आलं.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तिची मूठ वर यायला लागली, आणि मी माईकमध्ये ओरडलो, "हात लावू नका! विषारी औषध फवारलंय! पोरीला दूर करा!"

त्या वर्षांत फवारणीच्या विषाची भीती काय होती हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आबाजींनी तिच्या हातावर फटका मारला, बोंड खाली पडलं. मी पुढे होऊन त्याच्यावर बूट ठेवला. आबाजींनी पोरीला उचललं. ती ओरडत होती, "वास नाई येत! औषध नाई! आबा, पाय उचलाले सांगा त्याले!" चारशे माणसांत एकालाही तो बूट दिसला नाही. लोक मागे सरकले, आणि त्यानंतर त्या ओळींकडे कोणी फिरकलं नाही. कार्यक्रम वाचला.

तिच्या आईनं तिथंच मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. सलीमभाई गाण्याच्या कॅसेटपाशी होता, धावत आला. "कब मारा था दवा?"

"पहाटे, तू जीपमधून पोतं काढायला गेलास तेव्हा," मी म्हणालो.

"या अल्ला. और मैंने बगैर हाथ धोए बिस्कुट खाए," तो म्हणाला. पण स्वतःसाठी थांबला नाही. पोरगी, आई आणि आबाजींना जीपमध्ये घातलं आणि चांदूर रेल्वेच्या दवाखान्याकडे गाडी अशी हाणली की मागे टोप्या उडत गेल्या. मी त्याला थांबवू शकलो असतो. बाजूला घेऊन दोन शब्द पुरे होते. साहेब तेवढ्यात म्हणाले, "चला, पुढचा विषय घ्या," आणि मी पुढचा विषय घेतला.

दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घालून पोट धुतलं. सलीमभाईनं संध्याकाळी सांगितलं. पोट्टी नळी घालेपर्यंत डॉक्टरला सांगत होती, "मले काई नाई झालं, थे झाड पाहा." डॉक्टर म्हणाला, विषानं कधी कधी माणूस बरळतं. आईनं दोन ठेवून दिल्या. "इतक्या लोकायसमोर नाक कापलं व तुनं." सलीमभाई मात्र रात्रभर हात धूत होता आणि म्हणत होता, "अल्ला ने बचाया, बच्ची को भी, अपने को भी." अजूनही ईदला भेटलो की तो दिवस काढतो आणि म्हणतो, "बच गए यार." मी शीरखुर्मा खातो.

आशूच्या गावानं पुढच्या हंगामात आमचं बी घेतलं. कोरडवाहू जमिनीत ते जेमतेम गुडघ्याएवढं वाढलं. नंतरच्या फेरीत आम्ही तिथून गेलो, तेव्हा मी टोप्या फेकल्या. एकही पोट्टं धावलं नाही. जीप पारापाशी आली आणि दिसलं की सगळी पोरं एका खेळात गुंतलीत. चिखलात तुराटीची काटकी रोवली होती. एक जण पाठमोरा बसून तिच्यावर निंबोळ्या लावत होता. काही फाट्यांत खोचलेल्या, काही गवतानं बांधलेल्या. लावून झाल्यावर तो उठला, फुटका नरसाळा तोंडाला लावला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "नमस्कार शेतकरी बंधूंनो! एवढं वजनदार बोंड हाय आपलं!" मग बाकीच्यांनी एकेक निंबोळी ओढायची. हातात आली की सगळे ओरडायचे, "कंपनी! कंपनी!" आणि नरसाळेवाल्यानं पाराला लंगडी घालत फेरी मारायची. खेळ इतका सोपा की नियम मला गाडीतून कळला. बघायचं नाही, ऐकायचं नाही, ओढायचं.

आशू बाजूला, पारावर पाय हलवत बसली होती. वाद झाला की पोरं तिच्याकडे बघत आणि ती सांगे, "खरी," "लटकी." घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता, डॉक्टरनं नाही, गावानं नाही. पोट्ट्यांनी मात्र कोणाला न विचारता ठेवला होता.

नरसाळेवाल्याला गाडी दिसली. त्यानं नरसाळा माझ्याकडे रोखला. "काका, आता तुमची पाळी!"

सलीमभाई खो खो हसला. "उतर, मिश्राजी! लंगडी घाल!"

मी काच वर केली आणि म्हणालो, चल, उशीर होतोय. आज वाटतं, तेव्हा उतरून एक फेरी मारली असती तर सगळं फिटलं असतं. गावासमोर, मोठ्या माणसानं, धापा टाकत. पोरांनी टाळ्या पिटल्या असत्या, आणि पारावरच्या माणसांनी विचारलंच असतं, काहून गा? पण उतरायला इस्त्रीचा शर्ट आडवा आला.

कंपनी गेली, जीप भंगारात गेली. मी आता अमरावतीत लग्नांचं सूत्रसंचालन करतो. म्हणजे अजूनही लोकांना पटवतो की सगळं उत्तम चाललंय. गेल्या वर्षी राजकमल चौकाकडे एका औषधांच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला गेलो. काउंटरवर पंचविशीतली मुलगी. मी औषधाचं नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला.

"काका, तुमचा आवाज कुठं तरी ऐकलाय. गाडीवर बोलायचे का तुम्ही? बियाण्याच्या?"

मी हो म्हणालो. गावाचं नाव तिनं सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती.

"मग मी तुमच्याच कार्यक्रमात विष घेतलं होतं!" ती खुशीत हसली. "म्हणजे हात लावला होता फवारलेल्या झाडाला. दवाखान्यात नेलं होतं. तुम्ही ओरडले म्हणून वाचली मी. आई अजून सांगते, थ्या माणसाचे उपकार हाय."

"बरं वाटतंय ना आता," असं काही तरी मी बोललो. सूत्रसंचालकाला नेहमी काही तरी सुचतं.

"मला तर तेव्हा वाटलं होतं की बोंडं बांधलेली हायत," ती बाटली पुसत म्हणाली. "भांडली होती मी सगळ्यांशी. सगळी पोरं माझं खरं मानायची. आता हसू येतं. लहानपणी माणसाला काहीही दिसतं, नाही का?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती उत्तराची वाटही पाहत होती, निदान क्षणभर. मी म्हणालो, "हो, लहानपणी होतं असं." तिनं बाटली पिशवीत घातली. मी आभार मानून बाहेर आलो.

मुलांकडून काय शिकावं असं विचारलंय, तर मला जे दिसलं ते सांगतो. हशानंतर दुसऱ्यांदा विचारायचं आणि हातानं ओढून बघायचं. पण ते शिकायला आम्ही मुलं शिल्लक ठेवली पाहिजेत. त्या एका मुलीचं ते मी काढून घेतलं. एका दिवसात नाही निघालं. आईनं, डॉक्टरनं, गावानं थोडं थोडं काढलं, आणि शेवटचं जे उरलं होतं ते मी काउंटरवर उभा राहून खोकल्याच्या औषधाबरोबर नेलं.

हे छापून आलं म्हणजे कबुली झाली असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. पण ती दिवाळी अंक वाचत असेल असं मला वाटत नाही, आणि ती वाचत नसेल या भरवशावरच मी इतकं मोकळेपणानं लिहिलंय, हे मला कळतं. सलीमभाईचं सोपं आहे. तो शिव्या देईल, दोन महिने बोलणार नाही, मग बोलेल.

तिला मात्र दुकानात जाऊन, समोर उभं राहून सांगायला हवं की तिनं जे पाहिलं ते तसंच होतं. बोंडं मी बांधली होती, औषध नव्हतं, ती बरोबर होती. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.